पाटीवर काय लिहायचं?

(ब्रिस्टल, इंग्लंड. एम शेड संग्रहालय. आडवा ठेवलेला ब्राँझचा पुतळा.)

पुतळा बघायचा म्हणजे मान वर करायची, ही आपली सवय. हा मात्र आडवा पडलाय. अंगावर निळ्या-लाल रंगाचे फराटे.

हा एडवर्ड कोल्स्टन. 1895 साली शहराच्या मध्यभागी त्याला उभं केलं आणि खाली पाटी लावली: शहराचा अत्यंत सद्गुणी आणि सुज्ञ सुपुत्र. तो ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा कारभारी होता, तिचा धंदा गुलामांचा. पाटीवर त्याबद्दल अक्षर नाही. पुढे दुसरी पाटी लावायचं घाटलं, पण मजकुरावर एकमत होईना. 2019 मध्ये तो बेत बारगळला. 7 जून 2020 ला वर्णद्वेषाविरोधी निदर्शकांनी दोर लावून पुतळाच पाडला आणि बंदरात लोटला.

चार दिवसांनी तो पाण्यातून काढला, तेव्हा संग्रहालयापुढे पेच होता. गाळ धुवायचा, पण रंग? रंग धुतला तर 2020 साल पुसलं जाणार. म्हणून हलक्या हातानं गाळ तेवढा काढला, रंग राखला. साफ करताना कोटाच्या घोळात 1895 चं एक साप्ताहिक सापडलं. त्यावर पुतळा बसवणाऱ्या कामगारांची नावं! उभारणारे आणि पाडणारे, दोघांच्या खुणा एकाच अंगावर.

2021 मध्ये निदर्शकांच्या फलकांसोबत तो मांडला आणि लोकांनाच विचारलं, याचं काय करायचं? जवळपास 14,000 जणांनी मत दिलं. ब्रिस्टलच्या पाचपैकी चौघांचं म्हणणं, संग्रहालयातच राहू दे.

(वॉशिंग्टन, अमेरिका. हवाई आणि अवकाश संग्रहालय. एनोला गे विमानाचा पुढचा भाग.)

सगळीकडे असं जमत नाही. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं हे विमान. 1995 च्या प्रदर्शनात त्याच्यासोबत एका शाळकरी मुलीचा जळालेला डबा मांडायचं ठरत होतं. माजी सैनिक भडकले. जपान बिचारा आणि आम्ही क्रूर, असं दाखवताय का? त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. युद्धात त्यांचेही सोबती गेले होते. पण ठरलेलं प्रदर्शनच रद्द झालं, विमानाचा पुढचा भाग तेवढा मांडला, संचालकांनी राजीनामा दिला. 2003 मध्ये अख्खं विमान संग्रहालयाच्या दुसऱ्या इमारतीत मांडलं, तेव्हा पाटीवर पंखांची लांबी होती, मेलेल्यांचा आकडा नव्हता. याला तटस्थपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

(हिरोशिमाचं शांती संग्रहालय.)

तो डबा इथला. आतला भात आणि वाटाणे जळून कोळसा झालेत.