पुसलेल्या रेघा आणि गाडीतला कॅमेरा

(ठाण्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्यापैकी जे रोज घोडबंदर रोडने ये-जा करतात त्यांना मी विचारले की माजिवड्यापासून गायमुखापर्यंत मार्गिकांचे पांढरे पट्टे नेमके कुठे कुठे आहेत, तर कुणालाही चटकन सांगता येणार नाही. तरीही ते आपापल्या मार्गिकेतून गाडी नेतात, कारण दुभाजक, पुढच्या गाडीची चाके, रस्त्याची कड आणि सवय यांच्या आधाराने माणूस मनातल्या मनात रेघ ओढून घेतो. इशारा-दिवा न लावता गाडी मार्गिकेबाहेर जाऊ लागली की चालकाला सावध करणाऱ्या यंत्रणेत हेच काम पुढच्या काचेमागे बसवलेल्या कॅमेऱ्याच्या भरवशावर करावे लागते. मी काही वर्षे या कामात आहे, आणि रेघ शोधण्यापेक्षा ‘इथे रेघ नाही’ हे ओळखणे यंत्राला किती जड जाते, त्याविषयी आज बोलणार आहे.

आधी कॅमेऱ्याला काय दिसते ते पाहू. चित्र 1280 बाय 720 ठिपक्यांचे धरले तर एका चित्रात 9,21,600 ठिपके होतात, आणि अशी चित्रे सेकंदाला 30 येतात. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन चित्रांच्या मधल्या वेळात पाऊण मीटर पुढे गेलेली असते. सर्वसाधारण भिंगातून 15 सेंटिमीटर रुंदीचा पट्टा 10 मीटरवर सुमारे 15 ठिपके रुंद दिसतो, पण 50 मीटरवर त्याचे जेमतेम 3 ठिपके उरतात. ज्या दूरच्या रेघेवरून वळणाची आगाऊ कल्पना यायची, तीच सर्वांत पुसट असते.

उजेड-अंधाराच्या कडा शोधण्याची जॉन कॅनी यांची 1986 सालची रीत आजही विद्यार्थ्यांना पहिल्यांदा शिकवली जाते. मिळालेल्या कडांमधून सरळ रेघ निवडण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. पॉल हफ यांनी ‘बबल चेंबर’ या भौतिकशास्त्राच्या उपकरणात सूक्ष्म कणांमागे उमटणाऱ्या बुडबुड्यांचे माग छायाचित्रांत शोधण्यासाठी ती मांडली आणि 1962 मध्ये तिचे पेटंट मिळाले. पुढे 1972 मध्ये दुडा आणि हार्ट यांनी तिला कोन आणि अंतर यांच्या भाषेत आणून ज्यांचा चढ अनंत येतो अशा उभ्या रेघांची अडचण दूर केली. यात कडेवरचा प्रत्येक ठिपका आपल्यातून जाऊ शकणाऱ्या सर्व रेघांना एकेक मत देतो आणि जिला सर्वाधिक मते पडतात ती रेघ खरी मानली जाते. पट्टा तुटक किंवा झिजलेला असला तरी उरलेल्या तुकड्यांची मते एकाच रेघेला मिळतात, म्हणून मला ही रीत फार सुंदर वाटते. मात्र दुभाजकाची सावली आणि डांबराचा सांधा यांनाही तितकाच मताधिकार असतो.

दुसरी अडचण गाडीच्या डोलण्याची आहे. चित्रात समांतर पट्टे दूरवर एकत्र येताना दिसतात, म्हणून रस्ता सपाट आहे असे गृहीत धरून आपण ते चित्र वरून पाहिल्यासारखे उलगडून घेतो. कॅमेरा सव्वा मीटर उंचीवर असेल तर 50 मीटरवरची जमीन क्षितिजाखाली फक्त 25 ठिपक्यांवर येते. चालकाने ब्रेक दाबला आणि गाडीचे नाक एका अंशाने जरी झुकले, तरी चित्र 17 ठिपक्यांनी सरकते आणि 50 मीटरवरची जागा गणितात दीडशे मीटरच्या पलीकडे जाते. खड्ड्यांच्या रस्त्यावर हे क्षणोक्षणी घडते. म्हणून उलगडलेल्या चित्रात दोन्ही पट्टे समांतर येईपर्यंत झुकाव दुरुस्त करत राहावे लागते, आणि एकच पट्टा दिसत असेल तर तो आधारही जातो.

जर्मनीत अर्न्स्ट डिकमन्स यांच्या गटाने 1980 च्या दशकात, आजच्या मानाने अगदी दुबळ्या संगणकांवर, मोठी व्हॅन महामार्गावर स्वतःची स्वतः चालवून दाखवली. त्यांनी पूर्ण चित्र कधी तपासलेच नाही. मागच्या क्षणावरून पट्टा आता कुठे असेल याचा अंदाज बांधायचा आणि तेवढ्याच चौकटीत पाहायचे, असा तो मार्ग होता. हा अंदाज आजही बहुतेक यंत्रणांच्या पोटात आहे, आणि आम्हांला धडा मिळाला तोही त्याच्याचमुळे.

जुलैतल्या एका रात्री आम्ही कासारवडवलीकडे चाचणी घेत होतो. पट्ट्यांच्या रंगात काचेचे बारीक मणी असतात, ते दिव्याचा प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात. पण त्यांच्यावर पाण्याचा थर चढला की प्रकाश पुढे निसटतो आणि पट्टा काळा पडतो. त्या रात्री खरा पट्टा गायब होता, मेट्रोच्या कामासाठी वाहतूक वळवताना खरवडून काढलेल्या जुन्या पट्ट्याचा चर मात्र पाण्याने चकाकत होता. यंत्राने त्या चराला रेघ मानले, पुढच्या चित्रात तिथेच पाहिले, तिथेच ती सापडली आणि खात्री वाढत गेली. माझा सहकारी गाडी अगदी बरोबर चालवत असताना इशारा वाजत राहिला. तिसऱ्या इशाऱ्यानंतर त्याने हात लांब करून यंत्रणा बंद केली. तो हात मी विसरलेलो नाही, कारण रोज गाडी चालवणारा माणूसही तेच करेल आणि पुढे जिथे खरोखर गरज असेल तिथे यंत्र बंदच असेल.

आता रेघा ओळखण्याचे काम बहुतांशी चित्रांवरून शिकणारी न्यूरल नेटवर्क करतात आणि सावल्यांनी ती पूर्वीच्या रीतींइतकी फसत नाहीत. पण शिकवणीच्या चित्रांत माणसाने अंदाजाने रेघ पुरी करून दिली, तर यंत्रही अंदाजाने पुरी करायलाच शिकते. म्हणून त्या रात्रीनंतर आम्ही चित्रांवर खुणा करण्याची पद्धत बदलली. दिसणारा पट्टा, झिजलेला पट्टा, खरवडलेला जुना पट्टा आणि ‘पट्टा नाही’ अशा वेगळ्या खुणा ठेवल्या, आणि मार्गिकेची रुंदी अचानक बदलली किंवा दोन्ही कडा एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, तर ठरावीक मीटरनंतर जुना अंदाज सोडून द्यायचे ठरवले. त्या वेळी पडद्यावरची रेघ करडी होते आणि इशारा बंद आहे हे चालकाला दिसते. पुढच्या पावसात त्याच तुकड्यावरून आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा ती रेघ बहुतेक वाटभर करडीच राहिली आणि सहकाऱ्याचा हात स्टिअरिंगवरून हलला नाही.