डावं कुणाचं, उजवं कुणाचं?

श्रोतेहो, नमस्कार.

शरीररचनाशास्त्र म्हटलं की शाळेतलं एक वाक्य सगळ्यांना आठवतं, माणसाच्या अंगात 206 हाडं असतात. बरोबर आहे. बाळ जन्मतं तेव्हा ती याहून जास्त असतात, वाढत्या वयात काही एकमेकांना जुळतात आणि मोठेपणी 206 उरतात. पण हा आकडा तोंडपाठ असलेल्या माणसाला म्हणा, 'भाऊ, तुझं यकृत कुठं आहे? हात लावून दाखव.' भाऊ पोटभर चाचपडत बसतो. माझं स्पष्ट मत आहे, मोजणी शिकवण्याआधी पत्ता शिकवावा.

तर आज पत्त्याबद्दल बोलू. शरीरातली कुठलीही जागा सांगायची तर माणूस कसा उभा आहे हे आधी ठरवावं लागतं. जगभरातल्या डॉक्टरांनी ते एकदाच ठरवून टाकलंय. माणूस सरळ उभा, तोंड समोर, हात दोन्ही बाजूंना सोडलेले आणि तळहात पुढे. याला शरीररचनेची प्रमाण स्थिती म्हणतात. तळहात पुढे कशाला? आत्ता करून पाहा. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. तळहात पुढे असला की ती शेजारी शेजारी राहतात. तळहात मागे फिरवला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावर तिरपं चढतं. म्हणून तळहात पुढे. ज्यांच्या हातात पऱ्हाटीचा कापूस आहे त्यांनी नंतर करावं.

या स्थितीत 'वर' म्हणजे डोक्याकडे आणि 'खाली' म्हणजे पायांकडे. माणूस बाजेवर आडवा पडला तरी वर म्हणजे डोक्याकडेच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, डावं-उजवं नेहमी रोग्याचं. बघणाऱ्याचं नाही. पुन्हा सांगतो, डावं-उजवं रोग्याचं. आपल्या शेताच्या चतुःसीमा कशा असतात? पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला नाला. तुम्ही कोणत्याही धुऱ्यावर उभे राहा, नाला पश्चिमेलाच राहतो. शरीराचंही तसंच.

शाळेतल्या तक्त्यानं इथेच घोटाळा केलाय. तक्त्यातल्या माणसाचं तोंड आपल्याकडे, त्यामुळे त्याचं यकृत आपल्या डाव्या हाताला दिसतं. पोरगं तेच पाहतं आणि स्वतःच्या डाव्या बाजूला हात लावतं. एक्स-रेची फिल्मही तशीच पाहायची असते, रोगी समोर उभा आहे असं धरून. म्हणून तर तिच्या कोपऱ्यात 'आर' किंवा 'एल' अशी खूण असते.

आता तो किस्सा. माझ्याबरोबर काम केलेल्यांनी तो इतक्यांदा ऐकलाय की मी 'दारव्हा' म्हटलं की ते उठून चहा प्यायला जातात.

मी ग्रामीण रुग्णालयात होतो. दिवाळी नुकतीच झाली होती, वेचणी जोरात होती. रात्री फोन आला, दारव्ह्याकडच्या एका खेड्यातून. पोरगा घाबरलेला.

'डाक्टरसाहेब, बाबाचं पोट लय दुखून रायलं जी.'

'कुठं दुखतंय?'

'खाली, डावीकडं.'

तेवढ्यात मागून दुसरा आवाज, 'डावीकडं काहून? उजवीकडं हाय ना!' हा जावई. दिवाळीला आलेला, वेचणीला थांबलेला. आणि त्याच्याही मागून म्हातारी, 'तुमाले दोघाले काई समजत नाई. मंधात दुखते. सकाळी मीच हात फिरवला, बोंबीपाशी दुखते.'

एका पोटाचे तीन पत्ते. फोन लाऊडस्पीकरवर, त्यामुळे शेजारीपाजारीही साक्ष द्यायला लागले. या लाऊडस्पीकरबद्दल मला एकदा स्वतंत्र बोलायचं आहे. माणसं हल्ली एकमेकांशी बोलतच नाहीत, सगळ्या आळीला ऐकवतात.

मी पोराला विचारलं, 'तू उभा कुठं आहेस?'

'बाजीच्या पायथ्याशी जी.'

'आणि जावईबापू?'

'ते उशाशी हायेत.'

श्रोतेहो, आता डोळ्यांपुढे बाज आणा. सुंभाची विणलेली, खरी बाज. (ती आता गावातून चाललीच आहे. लोखंडी पलंग आणि त्यावर फोमची गादी आली, उन्हाळ्यात पाठ भिजून निघते, पण प्रतिष्ठा राहते. असो.) म्हातारा उताणा पडलेला. पायथ्याशी उभा असलेला पोरगा बापाच्या तोंडाकडे बघतोय, म्हणजे बापाची उजवी बाजू त्याच्या डाव्या हाताला. उशाशी उभा असलेला जावई पायांकडे बघतोय, म्हणजे सासऱ्याची उजवी ती त्याचीही उजवी. दोघं एकाच जागेवर बोट ठेवून भांडत होते!

भांडण वाढत चाललं तसा मधूनच कण्हत म्हातारा बोलला. 'अबे, पोट कोनाचं हाय? मले इचारा ना कोनी! ज्या हातानं जेवतो त्या हाताकडं दुखते. खाली. चड्डीच्या नाडीच्या खाली.'

याला म्हणतात उत्तर. शरीररचनेचं एक पानही न वाचलेल्या माणसानं प्रमाण स्थितीतलं वर्णन केलं. स्वतःची बाजू, वर की खाली, आणि एक खूण. (डावखुऱ्यांनी आपापली खूण शोधावी.)

पण म्हातारीचं काय? तीसुद्धा खरं बोलत होती, आणि माझ्या कामाचं सगळ्यात जास्त तीच बोलली. मी विचारलं, 'मावशी, सकाळी बेंबीपाशी होतं, मग आता?' तर म्हणाली, 'आता तिकडं सरकलं ना. म्हनून तर मालीशवाल्याले बलावलं, बोंबी सरकली म्हनून.'

बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं काही तासांनी उजवीकडे खाली उतरतं, सोबत मळमळ, अन्नावरची वासना गेलेली. असं ऐकलं की डॉक्टरच्या डोक्यात पहिलं नाव येतं अपेंडिक्सचं. मराठीत आंत्रपुच्छ. मोठं आतडं जिथं सुरू होतं तिथं लोंबणारी बोटाएवढी शेपटी. ती सुजली की सुरुवातीला दुखणं नेमकं कुठं आहे ते मेंदूला कळत नाही. तिच्याकडून येणाऱ्या नसा आणि बेंबीच्या कातडीकडून येणाऱ्या नसा मज्जारज्जूत साधारण एकाच पातळीला शिरतात, म्हणून मेंदूला वाटतं बेंबीच दुखतेय. पुढे सूज पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचते. त्या अस्तराच्या नसा नेमका पत्ता सांगतात, मग दुखणं आपल्या खऱ्या घरी जातं. बेंबी कुठेही सरकत नाही. तिला पाय नाहीत.

मी सांगितलं, मालीश नाही, एरंडेल नाही, खायला-प्यायला काही देऊ नका, आत्ता निघा. मालीशवाला दारात पोचला होता म्हणे, थोडा नाराज झाला. गावात एकाचा छोटा हत्ती जिनिंगमध्ये कापूस उतरवून नुकताच परत आला होता, त्यात सतरंजी टाकून म्हाताऱ्याला आणलं. मी तपासलं. कमरेचं पुढे हाताला लागणारं हाड आणि बेंबी, यांच्यामध्ये रेघ ओढली आणि तिचे तीन भाग केले, तर हाडाकडून पहिला भाग संपतो ती जागा. मॅकबर्नी नावाच्या अमेरिकन सर्जननं ती 1889 मध्ये सांगितली. तिथं बोट ठेवताच म्हाताऱ्यानं माझा हात झिडकारला. पुढं यवतमाळला पाठवलं, ऑपरेशन झालं, अपेंडिक्सच निघालं. फुटलं नव्हतं.

टाके काढायला आले तेव्हा पोरगा सांगत होता, आता घरात कोणी 'डाव्या हाताला ठेव' म्हटलं की म्हातारा आधी विचारतो, 'कोनाच्या?'

सगळ्यांचं अपेंडिक्स असं शहाण्यासारखं दुखत नाही. काहींचं आतड्याच्या मागे दडलेलं असतं, दुखणं वेगळीकडे लागतं. म्हणून घरी निदान करत बसू नका. फक्त जागा नीट सांगा.

वेळ थोडा उरलाय, पटकन सांगतो. बेंबीवरून एक उभी आणि एक आडवी रेघ ओढा, पोटाचे चार भाग होतात. उजवीकडे वर यकृत आणि पित्ताशय. डावीकडे वर जठराचा बराचसा भाग आणि पानथरी, म्हणजे प्लीहा. निरोगी मोठ्या माणसाची पानथरी सहसा हाताला लागत नाही, बरगडीखाली दडलेली असते. वारंवार मलेरिया झाला की ती वाढून हाताला लागते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या लहान मुलांचीही वाढते, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, म्हणून अशा मुलाच्या आईनं डाव्या बरगडीखाली हात लावून पाहायला डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून शिकून घ्यावं. उजवीकडे खाली अपेंडिक्स, ते झालं. डावीकडे खाली मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. बायकांची अंडाशयं खाली दोन्ही बाजूंना, म्हणून बाईचं खालचं पोट दुखत असेल तर पाळी कधी आली होती हे डॉक्टर विचारणारच. लाजून चुकीचं सांगू नये.

आणि किडनी. लोक कंबर धरून येतात, 'किडनी दुखून रायली.' ते बहुतेक वेळा कमरेचे स्नायू असतात. किडन्या पाठीकडे, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, म्हणजे लोकांना वाटतं त्याहून वर. उजवी डावीपेक्षा किंचित खाली असते, कारण तिच्यावर यकृत बसलेलं.

108 ला फोन लावाल तेव्हा एवढं बोला. रोग्याची डावी की उजवी, बेंबीच्या वर की खाली, पोटाकडे की पाठीकडे, आणि सकाळी होतं तिथंच आहे की सरकलं. रोगी बोलू शकत असेल तर फोन त्याच्याच हातात द्या.

छातीचं राहिलंच. ते पुढच्या वेळी. नमस्कार.