रिकामी पायरी

(कृष्णधवल दृश्य. चौथऱ्याचा खालचा भाग.)

आधी पाय बघा. निषेधानं वर उगारलेल्या मुठी सगळ्यांनीच बघितल्यात.

१६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको सिटी. ऑलिंपिकचा पदक-चौथरा. दोघा अमेरिकन धावपटूंच्या पायांत बूट नाहीत, नुसते काळे मोजे. टॉमी स्मिथनं २०० मीटर १९.८३ सेकंदांत मारलेत, विश्वविक्रम. जॉन कार्लोस तिसरा. हे बिनबुटाचे पाय म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या वस्तीतली गरिबी.

कॅमेरा वर सरकतो. कार्लोसच्या जॅकेटची चेन उघडी आहे, कष्टकऱ्यांसाठी. गळ्यातले मणी झुंडीनं मारलेल्यांसाठी, झाडाला टांगलेल्यांसाठी. स्मिथच्या गळ्याला काळा रुमाल.

आता हातमोजे. कार्लोस आपला जोड क्रीडाग्रामातच विसरून आला! मग स्मिथचाच जोड दोघांत वाटून घ्या, असं सुचवलं पीटर नॉर्मननं. म्हणून एकाची उजवी मूठ, दुसऱ्याची डावी.

हा नॉर्मन. ऑस्ट्रेलियाचा, गोरा, रौप्यपदकवाला. हात खाली, नजर समोर; वाटतं, चुकून फोटोत आलाय. पण त्याच्या छातीवरचा गोल बिल्ला बघा. तिघांच्याही छातीवर तोच आहे: 'ऑलिंपिक प्रोजेक्ट फॉर ह्युमन राइट्स'. समाजशास्त्र शिकवणाऱ्या हॅरी एडवर्ड्सनं आदल्या वर्षी ही चळवळ उभी केली. ऑलिंपिकमध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया (आताचा झिम्बाब्वे) नकोत, मुहम्मद अलीचा काढून घेतलेला किताब परत द्या, काळे प्रशिक्षक नेमा, या मागण्या. म्हणजे हे सगळं काही ऐनवेळी सुचलेलं नव्हतं. ऐनवेळचा होता तो नॉर्मनचा बिल्ला. पॉल हॉफमन या गोऱ्या अमेरिकन नौकानयनपटूकडून घेतलेला.

राष्ट्रगीत सुरू होतं. दोन मुठी वर जातात.

(दहा सेकंद निवेदन नाही.)

स्मिथ-कार्लोसना संघातून काढून घरी धाडलं. नॉर्मन पुन्हा कधी ऑलिंपिकमध्ये धावला नाही.

(रंगीत. मेलबर्न, ऑक्टोबर २००६.)

नॉर्मनची शवपेटी. पुढे खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस.

(सॅन होजे स्टेट विद्यापीठ, कॅलिफोर्निया.)

स्मिथ-कार्लोस दोघांचं शिक्षण इथलं. २००५ पासून त्या चौथऱ्याचा हा पुतळा इथं आहे. दोन मुठी वर, आणि दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामी. आपला पुतळा नको, येणाऱ्यानं तिथं उभं राहावं, ही नॉर्मनचीच इच्छा. पोरं चढतात, फोटो काढतात, हसतात. ही मुलगी मात्र चढण्याआधी बुटाच्या नाड्या सोडतेय.