पीनट बटरचे अडीच डॉलर

[दृश्य: तुरुंगाच्या कॅन्टीनची खिडकी, फळीवर बरण्या]

अमेरिकेतल्या एका तुरुंगात एका कैद्याने कॅन्टीनमधून पीनट बटरच्या दोन बरण्या मागवल्या. त्यातली एक भलतीच आली. ती गार्डने परत नेली, पण योग्य बरणी हातात पडायच्या आत कैद्याचीच दुसऱ्या तुरुंगात बदली झाली. खात्यातून अडीच डॉलर मात्र गेलेले. त्या अडीच डॉलरसाठी त्याने दावा लावला.

1995 च्या आसपास ही गोष्ट राजकारण्यांच्या तोंडी आली ती अशी: दाणेदार मागितलं, मऊसूत मिळालं म्हणून कैदी कोर्टात गेला! लोक पोट धरून हसले. न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी मूळ कागद काढून खरा प्रकार लिहिला खरा, पण हशा तोवर पिकून गेला होता.

[दृश्य: स्टेटव्हिल तुरुंगाची भिंत, इलिनॉय]

ज्या कायद्याखाली हे दावे होतात तो 1871 चा. दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेने मांडलेल्या उच्छादापासून कृष्णवर्णीयांना वाचवण्यासाठी झालेला. सरकारी अधिकाराच्या आडून कुणी तुमचा हक्क तुडवला, तर त्याला फेडरल कोर्टात खेचता येतं. 1964 मध्ये स्टेटव्हिलच्या एका मुस्लिम कैद्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने ऐकण्याजोगी ठरवली. त्याला धर्माची पुस्तकं विकत घेऊ देत नव्हते. त्यानंतर कैद्यांसाठी हे दार उघडं झालं.

आणि लोंढा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1995 मध्ये फेडरल कोर्टांत कैद्यांचे असे जवळजवळ 40 हजार दावे दाखल झाले. बहुतेक वकिलाविना, हाताने लिहिलेले. काही निव्वळ खोडसाळ. 26 एप्रिल 1996 रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी कैद्यांच्या दाव्यांना आवर घालणाऱ्या कायद्यावर सही केली.

[दृश्य: कैद्याच्या खात्याचा उतारा, बोट एकेका ओळीवरून फिरतं]

आधी पैशाचं बघू. गरीब कैद्याला आता कोर्ट फी माफ नाही, फक्त हप्ते मिळतात. फी 350 डॉलर. खात्यात 10 डॉलरहून जास्त असले की महिन्याच्या जमेतले 20 टक्के कोर्टाकडे वळते होतात. आईने 50 डॉलर पाठवले, तर त्यातले 10 कोर्टाचे. दोन दाव्यांची फी थकली असेल तर 20. प्रत्येक दाव्याचे वेगळे 20 टक्के, असं 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं. निकाल न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचा. पाच दावे झाले की काय उरतं, ते तुम्हीच मोजा.

आता 'तीन स्ट्राइक'. शब्द बेसबॉलचा, तिथे तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. तुरुंगात असताना केलेले तीन दावे किंवा अपिलं बिनबुडाची, खोडसाळ किंवा 'वादकारणच दिसत नाही', म्हणजे कायद्याने दाद देण्याजोगं काही मांडलेलंच नाही, म्हणून फेटाळली गेली, की नादार म्हणून हप्त्याने फी भरून दावा करण्याची सवलत संपली. पुढच्या दाव्याला सगळी फी आधी भरायची, आजच्या दराने 405 डॉलर: 350 ची फी आणि हप्तेवाल्यांना न लागणारं 55 चं प्रशासकीय शुल्क. बेसबॉलमध्ये निदान पुढच्या पाळीला पाटी कोरी होते. इथे स्ट्राइकला मुदतच नाही. विशीत लागलेला साठीतही चालतो.

मला खटकतो तो तिसरा प्रकार. वादकारण न दिसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. अनेकदा ते एवढंच असतं, की वकील नसलेल्या माणसाला आपलं गाऱ्हाणं कायद्याच्या भाषेत बसवता आलं नाही. 2015 मध्ये ठरलं, अपील अजून चालू असलं तरी स्ट्राइक मोजायचा. 2020 मध्ये ठरलं, दावा पुन्हा दाखल करायची मुभा ठेवून फेटाळला, तरीही मोजायचा.

[दृश्य: लांब, रिकामा कॉरिडॉर]

एक खिडकी उघडी आहे. गंभीर शारीरिक इजेचा धोका डोक्यावर असेल, तर तीन स्ट्राइकनंतरही हप्त्याने दावा करता येतो. पण धोका कधीचा? फिलाडेल्फियाच्या फेडरल अपील न्यायालयाने 1997 मध्ये म्हटलं, घटनेच्या वेळचा बघा. 2001 मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो निकाल फिरवला: दावा दाखल करतानाचा बघा. म्हणजे काल मार खाल्ला, आज कोठडी बदलली, तर धोका टळला असं धरलं जाऊ शकतं. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने 2006 मध्ये हेपटायटिस सी वर उपचार न मिळणाऱ्या कैद्याला मात्र या खिडकीतून आत घेतलं. त्याचा धोका रोज सोबतच होता.

[दृश्य: टेबलावर छापील अर्ज, शेजारी पेन]

कैद्यांसाठीच्या छापील दावा-अर्जात एक प्रश्न असतो. तीन स्ट्राइकच्या नियमाखाली तुमचा एखादा दावा फेटाळला गेला आहे का? हो, नाही, असे दोन चौकोन. हो असेल तर कोणत्या कोर्टाने, कधी, तेही लिहायचं. आणि शक्य असल्यास, निकालाची प्रत जोडायची.