पत्रिकेवरचं नाजूक अक्षर

नमस्कार श्रोतेहो. तुळशीची लग्नं लागली की आपल्या कोल्हापुरातल्या छापखान्यांत पत्रिकांची गडबड उडते. वर ‘श्री अंबाबाई प्रसन्न’ नाहीतर ‘श्री जोतिबा प्रसन्न’, आणि खाली वधूवरांची नावं. हल्ली ही नावं हातानं लिहिल्यासारख्या, अगदी बारीक वळणाच्या फॉन्टमध्ये हवी असतात. मला ही हौस मनापासून आवडते. लग्नात नावाला असा मान मिळायलाच हवा.

पण यातले बरेच फॉन्ट इंग्रजी वळणावर बेतलेले असतात. कॉपरप्लेट म्हणतात त्या वळणाला टोकदार, लवचीक निब लागते. खाली ओढताना दाब दिला की टोक फाकतं, रेघ जाड होते. वर जाताना हात हलका, रेघ बारीक. आपला बोरू असा चालत नाही. त्याचं टोक सपाट आणि तिरकं कापलेलं. जाड-बारीक ठरतं ते हाताच्या दिशेवरून, दाबावरून नव्हे. शिवाय देवनागरीचा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूला कललेला. त्यामुळे इंग्रजीचे फाटे उचलून मराठीला चिकटवले की ‘क’च्या पोटात भलतीकडेच जाडी येते. कारण सांगता आलं नाही तरी वाचणाऱ्याला अक्षर परकं वाटतं.

धावतं, नाजूक वळण आपल्याकडे नव्हतं थोडंच! इथल्या पुरालेखागारात संस्थानच्या कारभाराचे मोडी कागद आहेत, ते एकदा बघाच. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग हात शक्यतो न उचलता त्याखाली अक्षरं गुंफत न्यायची. आजच्या फॉन्टकारानं तिथून शिकावं असं मला फार वाटतं.

फॉन्ट निवडताना एक करा. ‘कीर्ती’ लिहून बघा. शेवटच्या ‘ती’वर रफार आणि वेलांटी एकाच जागी येतात, आणि कच्च्या फॉन्टमध्ये त्यांचा गुंता होतो. मग ‘ज्योत्स्ना’ लिहा. त्यातलं जोडाक्षर मोडलं, पाय मोडून अक्षरं सुटी पडली, तर तो फॉन्ट दिसायला कितीही देखणा असो, बाजूला ठेवा.

आणि नाजूक अक्षर नावांपुरतंच, तेही मोठ्या आकारात. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’चा मजकूर साध्या, भरीव अक्षरात हवा. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हस्ताक्षरासारखाच आहे, फुकट मिळतो, पण अंगानं धट्टाकट्टा असल्यामुळे चार ओळी सहज पेलतो.

खरखरीत कागदावर सोनेरी फॉइल लावली की बारीक रेघ जागोजागी तुटते, अनुस्वार तर दिसेनासाच होतो. म्हणून मोबाइलवर नमुना बघून होकार देऊ नका. ज्या कागदावर छापायचं, त्याच कागदावर, त्याच मापात एक प्रत मागून घ्या. ती घरातल्या आजीच्या हातात द्या. नातसुनेचं नाव तिला न अडखळता वाचता आलं, की मग बाकीच्या छापायला सांगा.