ताणतं पृष्ठ आणि गरगरणारे कण

हे इलॅस्टिक बघा. पायजम्यात घालतात तेच. दर इंचावर पेनाने ठिपका दिलाय. एक टोक खिळ्याला बांधलंय, दुसरं मी ओढतोय. खिळ्याजवळचा ठिपका जेमतेम सरकला, लांबचा झरकन गेला. वेग अंतराच्या पटीत वाढतो. साच्यातून येणारी प्लॅस्टिकची फिल्म ओढून पातळ करतात, तिथंही ढोबळमानाने हेच घडतं, आणि लगतचा द्रायू, म्हणजे द्रव किंवा वायू, तिच्यासोबत खेचला जातो.

१९७० मध्ये एल. जे. क्रेन यांनी या प्रवाहाचं नेमकं उत्तर एका साध्या घातांकी सूत्रात बसवलं. मला त्यातली आजही आवडणारी गोष्ट म्हणजे सीमास्तर, म्हणजे पृष्ठासोबत खेचला जाणारा थर, पुढे पुढे जाड होत नाही. श्यानता, म्हणजे द्रवाचा चिकटपणा, थर पसरवू पाहते, पण पृष्ठ ताणलं जातं तसा वरून ताजा द्रव खाली येत राहतो आणि थराला दाबून धरतो. पाणी घ्या, ताणाचा दर सेकंदाला १ घ्या. पृष्ठापासून १ मिलिमीटरवर पृष्ठाच्या वेगाच्या सुमारे ३७ टक्के वेग उरतो. फिल्मवर कुठेही मोजा.

आता पाण्याऐवजी रक्त घ्या. तांबड्या पेशी नुसत्या वाहत नाहीत, गरगरतातही. ए. सी. एरिंगेन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या मायक्रोपोलर द्रायूच्या सिद्धांतात प्रत्येक बिंदूला वाहण्याचा वेग असतो, शिवाय स्वतःभोवती फिरण्याचा निराळा वेग.

या फिरण्यासाठी नवं समीकरण आलं, की भिंतीपाशी काय घडतं ते सांगणारी सीमाअटही नवी लागते. भिंतीला टेकलेला कण फिरतो का? यासाठी ‘एन’ हा स्थिरांक आहे. विद्यार्थी तो कधी शून्य, कधी अर्धा घेतात आणि भराभर आलेख काढतात. मला कळकळीने सांगायचंय ते इथेच. शून्य म्हणजे कण इतके दाटलेत की भिंतीलगत त्यांना फिरायला वावच नाही. अर्धा म्हणजे कण विरळ, द्रव जसा वळेल तसे वळणारे. रूढ गृहीतकं धरून अर्धा घेतलात, तर फिरण्याचं समीकरण आपोआप सुटतं. क्रेन यांचंच उत्तर परत येतं, थर तेवढा √(१ + के/२) पट जाड. ‘के’ म्हणजे भोवरा-श्यानता (कणांच्या फिरण्यामुळे येणारी जादा श्यानता) भागिले साधी श्यानता. के २ असेल तर थर १.४१ पट. हे वहीत दोन ओळींत होतं, संगणक लागत नाही.

थर जाडावला की उष्णता कमी जाईल असं वाटतं. होतं उलट. खाली येणारा ताजा द्रव वाढतो, म्हणून उष्णतावहनही थोडं वाढतं. विरघळलेल्या पदार्थाच्या वहनाचं, म्हणजे वस्तुमानवहनाचं, तसं नाही. वेग उष्णतेच्या किती पट भराभर पसरतो ते सांगणारा पाण्याचा प्रांटल अंक ७ च्या आसपास, पण त्यात विरघळलेल्या क्षारांसाठीचा तसाच श्मिट अंक शेकड्यांत. त्यामुळे विसरणाचा थर पृष्ठाला इतका बिलगून असतो की तिथला वेग जवळपास पृष्ठाचाच. के बदलून बघा, वस्तुमानवहन मोजणारा शेरवुड अंक फारसा हलत नाही.

हा विसरणाचा थर मघाच्याच आकड्यांनी मिलिमीटरच्या काही शतांशांइतका. तांबडी पेशी सुमारे ८ मायक्रॉनची. म्हणजे थरात बोटांवर मोजण्याइतक्याच पेशी मावतील. अशा जागी द्रायू सलग मानून काढलेला आकडा मी चार दशांश स्थळांपर्यंत लिहिणार नाही.