उष्णतेची वाट: जुन्या हायब्रिड गाडीची घरच्या घरी दुरुस्ती

गाडी उभी आहे. इंजिनाचा आवाज नाही, कंप नाही. समोरच्या फलकावर मात्र ‘रेडी’ हा शब्द उजळलेला आहे. हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणाऱ्या गाडीच्या दुरुस्तीची सुरुवात हा शब्द नीट समजून घेण्यापासून करावी लागते. तो दिसत आहे तोवर गाडी चालू आहे असेच धरावे, कारण बॅटरीतील साठा थोडा उतरला किंवा वातानुकूलन यंत्रणेला गरज भासली, की इंजिन कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होते आणि त्या क्षणी बॉनेटखाली कोणाचा हात असला तर तो पंख्यात किंवा पट्ट्यात सापडू शकतो. म्हणून पाना उचलण्याआधी गाडी पूर्ण बंद करावी आणि किल्ली गाडीपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवावी.

टोयोटाची पहिली प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली आणि तिची दुसरी पिढी २००३ साली रस्त्यावर उतरली. त्या काळच्या हायब्रिड गाड्यांपैकी कित्येक आजही धावत आहेत. अशा गाडीत एके दिवशी लाल त्रिकोण पेटतो, गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘पी०ए८०’ हा कोड उमटतो आणि मालकाला सांगितले जाते की, मुख्य बॅटरी संपली, ती संपूर्ण बदलावी लागेल. गाडी इतकी जुनी असते की नव्या बॅटरीचा खर्च पुष्कळदा गाडीच्या उरलेल्या किमतीशी बरोबरी करू लागतो आणि एरवी धडधाकट असलेली गाडी भंगारात निघते. या निर्णयापूर्वी घरच्या घरी काय तपासता येते आणि कोठे हात आखडता घ्यावा, हे येथे पाहायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्याला आपण बॅटरीचे म्हातारपण म्हणतो, त्यात वर्षांचा वाटा जेवढा असतो तेवढाच बाहेर पडू न शकलेल्या उष्णतेचाही असतो. आणि उष्णतेची अडलेली वाट मोकळी करणे हे घरच्या माणसाला उत्तम जमणारे काम आहे.

दुसऱ्या पिढीच्या प्रियसमधील बॅटरी उदाहरणादाखल घेऊ. ती निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची आहे. तिच्यात पुस्तकांसारखी एकाला एक लावून उभी केलेली २८ मॉड्यूल, म्हणजे सेलचे संच, असतात, प्रत्येक मॉड्यूलमध्ये ६ सेल असतात आणि प्रत्येक सेलचा विद्युतदाब १.२ व्होल्ट असतो. म्हणजे एका मॉड्यूलचे ७.२ व्होल्ट आणि साऱ्यांचे मिळून २०१.६ व्होल्ट झाले. ही सगळी मॉड्यूल एकामागोमाग एक जोडलेली असल्याने वीज प्रत्येकातून जावीच लागते, आणि एक दुबळे झाले तरी संपूर्ण साखळी दुबळी ठरते. दोन्ही टोकांच्या मॉड्यूलना बाहेरची हवा लागते. मधल्यांना मात्र दोन्ही बाजूंनी तापलेल्या शेजाऱ्यांचीच सोबत असते. म्हणून बहुतेक वेळा आधी थकतात ती मधली मॉड्यूल.

त्यांना थंड ठेवण्यासाठी एक छोटा पंखा असतो. मागच्या आसनाच्या बाजूला जी जाळी दिसते, तिच्यातून तो गाडीतलीच हवा ओढतो आणि बॅटरीवरून फिरवतो. ही जाळी कशासाठी आहे हे ठाऊक नसल्याने कोणी तिच्यावर उशी ठेवते, कोणी पिशवी टेकवते. गाडीतून कुत्रे-मांजर प्रवास करत असेल, तर त्याचे केसही याच वाटेने आत जातात.

आता पंखा बाहेर काढला आहे. झाकण उघडल्यावर पाती दिसायला हवीत; पण पात्यांच्या जागी करड्या रंगाची एक सलग गादी दिसते आहे. धूळ, कपड्यांचे तंतू आणि केस वर्षानुवर्षे दाबले जाऊन त्यांचा नमदा तयार झाला आहे. मऊ ब्रशने तो सोडवताना एकेक पाते मोकळे होते आणि या पंख्यातून गेली काही वर्षे हवा जवळजवळ जातच नव्हती, हे लक्षात येते. पंखा फिरत होता, आवाजही करत होता, आणि म्हणूनच कोणाला शंका आली नव्हती. हे काम एका दुपारचे आहे. ते दर एक-दोन वर्षांनी केले असते तर त्या बॅटरीचे आयुष्य कितीतरी वाढले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

पंख्यापर्यंतचे काम कोणीही काळजीपूर्वक करू शकते. त्यापुढे, बॅटरीचे झाकण उघडण्याचे काम मात्र वेगळ्या जातीचे आहे. गाडीतील नारिंगी रंगाच्या तारा उच्च विद्युतदाबाच्या असतात आणि तो दाब माणसाचा जीव घेण्यास पुरेसा असतो. झाकणाला हात लावण्यापूर्वी बारा व्होल्टच्या लहान बॅटरीची ऋण तार सोडवावी, १००० व्होल्टसाठी प्रमाणित केलेले रबरी हातमोजे घालावेत, मग सर्व्हिस प्लग, म्हणजे बॅटरीची साखळी मध्येच तोडणारी खटकी, काढून तो स्वतःच्या खिशात ठेवावा आणि इन्व्हर्टरमधील (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलणाऱ्या यंत्रातील) वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होण्यासाठी किमान दहा मिनिटे थांबावे. हातमोज्यांना सुईएवढेही भोक चालत नाही. मनगटाकडून गुंडाळत आणून आत हवा कोंडावी आणि ती कोठून निसटते का ते पाहावे. यानंतरही एक गोष्ट विसरून चालत नाही. प्लग काढल्याने बॅटरीची साखळी फक्त दोन भागांत तुटते. प्रत्येक मॉड्यूल भरलेलेच असते आणि मोठ्या भागात शंभराहून अधिक व्होल्ट शिल्लक असतात. हाताशी दुसरे माणूस नसेल, विद्युतदाब मोजणारा मल्टिमीटर वापरण्याचा सराव नसेल किंवा मनात थोडीही धाकधूक असेल, तर येथेच थांबावे. यात कसलाही कमीपणा नाही.

ज्यांना हा सराव आहे, त्यांना झाकणाखाली पहिल्यांदा दिसतात त्या मॉड्यूलना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या. ही पट्टी जवळून पाहा. मधला भाग तपकिरी आहे, पण नट बसतो तेथे हिरवा कळंक चढला आहे आणि तो खरवडला की खाली खडबडीत, खाचखळगे पडलेला धातू लागतो. अशा सांध्यात विजेला अडथळा होतो, सांधा तापतो, आणि गाडीच्या संगणकाला ते मॉड्यूल आहे त्यापेक्षा दुबळे दिसू लागते. कित्येक वेळा मॉड्यूल अजून बरे असते आणि दोष पट्टीचा असतो. उपाय मात्र सगळी बॅटरी बदलण्याचा केला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. पट्ट्या सौम्य व्हिनेगरमध्ये बुडवून, घासून, धुऊन पूर्ण वाळवता येतात किंवा त्यांच्या जागी निकेलचा मुलामा दिलेल्या पट्ट्या बसवता येतात. परत बसवताना नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक जोर मोजून देणाऱ्या पान्यानेच, आवळावेत. त्यांना जेमतेम ५ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो आणि सवयीने दिलेला एक जादा पीळ प्लास्टिकमध्ये रुतलेले टर्मिनल मोडून टाकतो. मॉड्यूलमधून पाण्यासारखे काही पाझरलेले दिसल्यास ते उघड्या हाताने पुसू नये. ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे तीव्र अल्कली द्रावण असते आणि त्याने कातडी भाजते.

एखादेच मॉड्यूल बदलावे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आमचे मत याच्या विरुद्ध आहे. उरलेली २७ मॉड्यूल त्याच उष्णतेत आणि तेवढीच वर्षे राबलेली असतात. नव्या किंवा कमी थकलेल्या मॉड्यूलशी त्यांची क्षमता जुळत नाही आणि काही महिन्यांत दुसरे, मग तिसरे कोलमडते. शिवाय सुटे काढलेले मॉड्यूल दोन्ही बाजूंनी घट्ट आवळून न ठेवता चार्ज केले, तर ते फुगते आणि पुन्हा कामाचे राहत नाही. मॉड्यूल खरोखरच गेली असतील, तर एकमेकांशी जुळणारा पूर्ण संच बसवणे हाच टिकाऊ मार्ग आहे.

बारा व्होल्टच्या लहान बॅटरीचा उल्लेख वर ओझरता आला. अशा गाडीत तिच्यावर इंजिन फिरवण्याचा भार नसतो. ती संगणक जागे करते आणि मुख्य बॅटरीचे रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, जोडते. ती दुबळी झाली की फलकावर एकमेकांशी संबंध नसलेले दिवे पेटतात आणि संशय मोठ्या बॅटरीवर जातो. काही तास उभ्या असलेल्या गाडीत मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली असते; आकडा १२च्या खाली असेल, तर आधी ती चार्ज करून पुन्हा तपासावी आणि मगच पुढे जावे.

उष्णतेची दुसरी वाट बॉनेटखाली आहे. इन्व्हर्टरला थंड ठेवणारे कूलंट विजेवर चालणारा एक छोटा पंप फिरवतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमधील याच पंपासाठी टोयोटाने २०१२ साली गाड्या परत बोलावल्या होत्या. तपासणी अगदी सोपी आहे. गाडी ‘रेडी’ करून, हात दूर ठेवून, इन्व्हर्टरच्या कूलंटच्या टाकीत पाहावे. द्रव सळसळताना दिसला तर पंप जिवंत आहे; तळ्यासारखा स्थिर असेल, तर गाडी चढावर नेण्याआधी पंप बदलावा, कारण इन्व्हर्टर जळाल्यास होणारे नुकसान पंपाच्या किमतीच्या अनेक पट असते.

प्रियसच्या पुढच्या, तिसऱ्या पिढीच्या १.८ लिटरच्या इंजिनांत हीच अडचण काजळीच्या रूपाने येते. धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या कूलरच्या बारीक वाटा काजळीने बुजतात. अनेक अनुभवी कारागीर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधला सांधा बंद ठेवणारी चकती) निकामी होण्याचा संबंध याच्याशी जोडतात. थंड इंजिन सुरू होताना गाडी थरथरत असेल आणि गळती नसताना कूलंट कमी होत असेल, तर तो कूलर काढून स्वच्छ करण्यास उशीर करू नये.

ब्रेकचे काम घरी करणाऱ्यांना एकच सूचना. अशा काही गाड्यांत नुसते दार उघडले तरी ब्रेकचा पंप जागा होऊन नळीत दाब भरतो. चाकावर ब्रेक दाबणारा कॅलिपर सोडवलेला असताना असे होऊ नये, म्हणून आधी बारा व्होल्टची तार सोडवावी. वातानुकूलन यंत्रणेला मात्र घरी हात लावूच नये. तिचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्यात वीज न वाहून नेणारे खास तेल लागते, आणि चुकीचे तेल शिरले तर आतले विद्युतरोधन बिघडते.

पंखा पुन्हा जागेवर बसला आहे, जाळी मोकळी आहे. गाडी चढावर निघाली आहे आणि स्कॅनरला जोडलेल्या फोनच्या पडद्यावर बॅटरीतील तीन ठिकाणांचे तापमान दिसते आहे. मधला आकडा अजूनही बाकीच्या दोघांपेक्षा वर आहे, पण चढ संपल्यावर तो खाली येऊ लागला आहे. पूर्वी तो तसाच अडून राहत असे. मॉड्यूलच्या जोड्यांपैकी एकीचा विद्युतदाब भार पडताच इतरांपेक्षा थोडा जास्त खाली जातो. तिचा क्रमांक, आजची तारीख आणि गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा वहीत लिहून ठेवला आहे. पुढच्या महिन्यात याच चढावर तो पुन्हा पाहायचा आहे.